थांब्यातली तार

“माझ्या थांब्यात कोण घुमतंय?” रंगाबापूंनी विचारलं.

जयसिंगपुरातल्या एका लग्नाच्या हॉलमागं आम्ही कलाकार मंडळी जेवायला बसलो होतो. बापूंच्या समोर मी, माझ्या एका बाजूला की-बोर्डवाला आदगोंडा, दुसऱ्या बाजूला ड्रमवाला सर्जेराव. प्रश्न सगळ्यांना होता, पण बापू बघत होते माझ्या ताटाकडं.

“तार, बापू,” मी म्हणालो.

“कुठली?”

“सगळ्यात जाड. सहावी.”

“तिला सांग, थांब्यात मी सोडून कुणी बोलायचं नाही.”

“सांगतो.”

“तू सांगशील. ती ऐकत नाही, त्याचं काय?” बापूंनी जिलेबीचा तुकडा मोडला. “पुढच्या रविवारी साखर कारखान्यावर कामगार मेळावा आहे. तिथं तार घुमली, तर तू गिटार उचलायची आणि मिरजेला तुझ्या अब्बांच्या दुकानात भोपळे तासत बसायचं. जाड तारेचं काम आदगोंडा डाव्या हातानं करेल. काय रे, करशील का नाही?”

आदगोंडाच्या तोंडात घास होता, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. माणूस चांगला, पण मान फार लवकर हलवायचा.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचा ‘रंगतरंग’ ऑर्केस्ट्रा ज्यांनी ऐकला त्यांचे केस पांढरे झाले, त्यामुळं थांबा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. रंगराव आवळेकर, म्हणजे आमचे बापू, ऑर्केस्ट्राचे मालक आणि गायक. वय साठीला टेकलेलं. बाकीचे ऑर्केस्ट्रा सिनेमाची गाणी म्हणायचे आणि घरी जायचे. आमच्याकडं शेवटी बापूंचं स्वतःचं एक गाणं असायचं. एका ड्रॉइंगच्या मास्तरांनी लिहिलेलं, बापूंनी चाल लावलेली. लेक सासरी निघालीय, एस.टी. हलतेय, बाप फाटकात उभा आहे. गाणं चढत चढत जायचं, शेवटी ड्रम, की-बोर्ड, गिटार मिळून एक दणका, आणि सगळं एकदम बंद. बापू हात वर करून उभे. काही नाही, कुणी नाही. मग त्या शांततेतनं बापू एकटे, कुठल्याही वाद्याच्या मदतीशिवाय, वरच्या षड्जावर शेवटची ओळ उचलायचे. बायका डोळ्याला पदर लावायच्या. पुरुष खुर्चीखाली चपला शोधल्यासारखं करायचे. लोक सुपारी द्यायला आले की आधी विचारायचे, “थांबा असणार ना?”

आणि त्या थांब्यात माझी तार घुमायची.

इलेक्ट्रिक गिटारचा स्वभावच तसा. साध्या गिटारची तार सोडली की थोडा वेळ बोलते आणि गप्प बसते. हिच्यामागं लाकडी खोक्यात मोठा स्पीकर. तारेला वारा लागला तरी तो खोका गावभर सांगत सुटतो. मी वाजवायचो ते करंगळी गिटारच्या अंगावर टेकवून. कुणीतरी तसं वाजवताना मी फोटोत पाहिलं होतं आणि मला ते ऐटदार वाटलं होतं. हाताला आधार काय तो करंगळीचा, बाकी पंजा हवेत. बारीक तारांवर झकास चालायचं. पण जाड तारा पंजाखाली मोकळ्या. सर्जेरावनं शेवटचा दणका दिला की त्या हादऱ्यानंच सहावी तार थरथरायची आणि तशीच घुमत राहायची.

उपाय मी केले नव्हते असं नाही. डाव्या हातानं तार धरली तर ‘टुंग’ असा आवाज यायचा. आवाजाचं बटण फिरवलं तर खरखर. एकदा स्पीकरच बंद केला, तर असा ‘ठप्प’ आवाज झाला की पहिल्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं आणि त्याच्या आईनं ऐन थांब्यात त्याला दोन दिल्या. त्या दिवशी बापूंची ओळ हुकली, ती सगळ्यांनी त्या पोराच्या रडण्यावर घातली. प्रत्येक उपायाबद्दल बापूंची वेगवेगळी बोलणी मी खाल्ली होती.

मला भोपळ्यांची भीती नव्हती, अब्बांची होती. आमच्या मुजावरांच्या घरात चार पिढ्या भोपळ्यांचे तानपुरे बनवतात. दुकानातनं उठून गेलेला पहिला माणूस मी. उठताना अब्बा एवढंच म्हणाले होते, “यासीन, जा. पण त्यांनी काढून टाकलं तर परत या पाटावर बसायचं, आणि ऑर्केस्ट्राचं नाव काढायचं नाही.” मी हो म्हणालो होतो. बोलायला काय जातंय? बापू मला काढतील असं तेव्हा स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या मागच्या बाजूला चटई टाकून गिटार घेऊन बसलो. अब्बा पुढं जवारी काढत होते. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरनं जातात, ती कानशीनं हळूहळू घासून तारेला झणकार आणायचा, त्याला जवारी म्हणतात. बराच वेळ त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“काय चाललंय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तार गप्प बसवतोय.”

अब्बांनी कानस खाली ठेवली. “काय करतोयस?”

“वाजवली की वाजायला पाहिजे, आणि लगेच गप्प बसायला पाहिजे. बापूंचा हुकूम आहे.”

“माझ्या बापानं, त्याच्या बापानं जन्म घालवला तार बोलावी म्हणून. एका जवारीला माझा अख्खा दिवस जातो. आणि तू तिला मुकी करायला शिकणार.”

“नोकरी आहे, अब्बा.”

“नोकरी,” अब्बा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कानस उचलली.

गिटारलाही घोडी असते, लोखंडी. मी करंगळी उचलली आणि तळव्याची टाच, म्हणजे करंगळीखालचा मांसल भाग, त्या घोडीवर टेकवला. हात जरा पुढं सरकला की तारा पार मेल्या, फळीवर बोट आपटल्यासारखा आवाज. जरा मागं घेतला की सगळ्या मोकाट. या दोहोंच्या मधे ज्वारीच्या दाण्याएवढी जागा आहे. टाच अर्धी घोडीवर, अर्धी तारेवर. तिथं हात बसला की तार ‘डुग’ म्हणते आणि ऐकते. पण तार छेडायची नखी जाड तारेवरनं बारीक तारेकडं निघाली की हात सरकायचा, टाच सुटायची आणि सहावी बाई मागनं घुमायला मोकळी. मग अंगठ्याची कड तिच्यावर टेकवून ठेवायची, असं मी माझं शोधून काढलं. आता अंगठा टेकवला की टाच उचलली जायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली.

दोन-तीन दिवस हे ऐकून अब्बांचं डोकं उठलं.

“मनगट लोंबकळतंय तुझं,” ते तिकडूनच म्हणाले.

“टेकलंय की.”

“टेकलेलं नाही, दाबलेलं आहे. दमलास की लोंबकळतंय. मी कानस चालवताना हात कुठं असतो माझा?”

“घोडीच्या कडेवर.”

“दाबून?”

“नाही. नुसता ठेवलेला.”

“मग झालं तर. दाबलास तर कानस खोल जाते, उचललास तर थरथरते. वजन कोपराकडं राहू दे. पंजा झोपल्यासारखा ठेव, आणि सरकायचं असेल तर सगळा हात सरकव, नुसती बोटं नको.”

मी तसा ठेवला. सहाही तारांवर एक दणका दिला आणि थांबलो. खोक्यातनं काही आलं नाही. पुन्हा दिला, पुन्हा काही नाही. रस्त्यावरनं सायकल गेली तिची साखळी ऐकू आली.

अब्बांनी ते ऐकलं. “तोबा,” म्हणाले, आणि चहा प्यायला निघून गेले.

कारखान्यावर कार्यक्रम दुपारी होता. गाळप बंद होतं, त्यामुळं आवार शांत. मांडवात कामगार, पुढं सोफ्यावर चेअरमन. बापूंच्या पत्नी, प्रमिलाकाकी, आमच्याकडं बायकांची गाणी म्हणायच्या आणि निवेदनही करायच्या. त्यांनी शेवटचं गाणं पुकारलं तेव्हा माझ्या तळव्याला घाम आला होता. मी तो पॅंटला पुसला.

गाणं चढलं. सर्जेरावनं दणका दिला. मी टाच ठेवली, अंगठ्याची कड ठेवली, हात झोपवला.

शांतता झाली. अशी झाली की स्टेजमागं पातेल्यात चहा उकळत होता तो ऐकू यायला लागला. मला इतका आनंद झाला की बापूंकडं बघायचं विसरलो. बघितलं तेव्हा ते हात वर करून उभे होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होते. चेअरमन शेजारच्याला हळूच म्हणाले, “हे बघा, हे.” बापू अजून उभेच. मग त्यांनी ओळ उचलली.

आमचं गाणं पांढरी तीनमधलं, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी तो त्याचा सा. बापूंनी तिच्याशी काही संबंध ठेवला नव्हता. ते दुसऱ्याच कुठल्यातरी घरात शिरले होते आणि तिथंच, अगदी मनापासून, गात होते. एका ओळीनंतर आम्ही सगळे पांढरी तीनमधे आत आलो, आणि एकाच गावात दोन वराती समोरासमोर आल्यावर होतं तसं झालं. आदगोंडा हुशार, त्यानं पट्टी बदलून बापूंना गाठायचा प्रयत्न केला. पण बापू दोन पट्ट्यांच्या मधे होते. तो सूर की-बोर्डवर नव्हताच. बापूंनी गाणं शेवटपर्यंत नेलं आणि वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या, पण चुकल्यासारख्या.

टेंपोत बापू माझ्या शेजारी बसले. “आज थांबा कसा होता?”

“स्वच्छ होता, बापू.”

“याला म्हणतात शांतता.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “शिकलास.”

प्रमिलाकाकी बाहेर उसाकडं बघत होत्या. बापू पुढं जाऊन बसल्यावर सर्जेराव म्हणाला की मळीच्या वासानं गळा धरला असणार. आदगोंडा म्हणाला, माइक भाड्याचा होता. माझी नोकरी राहिली होती, आणि खोटं कशाला बोलू, मी खूश होतो.

घरी गेल्यावर अब्बांना सांगितलं, “थांबा स्वच्छ झाला.”

“गाणं कसं झालं?”

“थांबा एकदम—”

“मी गाणं विचारतोय.”

मी हात धुवायला गेलो.

पुढचा कार्यक्रम मिरजेतच, एका शाळेच्या पटांगणावर. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुरू झाला. शेवटच्या रांगेत टोपी घालून अब्बा बसलेले दिसले. माझ्या एकाही कार्यक्रमाला ते तोपर्यंत आले नव्हते. मी हात आणखी जपून ठेवला. थांबा आला आणि कारखान्यापेक्षाही चोख झाला. बापू उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले, आणि पुन्हा दुसऱ्याच घरात शिरले. या वेळी मागनं कुणीतरी हसलं. एकजण मोठ्यानं म्हणाला, “म्हातारा संपला.”

काकींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मला स्टेजच्या कडेला दिसला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सामान आवरताना बापू म्हणाले, “पुढच्या वेळेपासून हे गाणं नको. गळा साथ देत नाही.” उद्यापासून दूध अर्धा लिटरच घाला, असं गवळ्याला सांगावं तसं म्हणाले. ते गाणं नसलं तर आम्हाला कोण बोलावणार, आणि बापूंनी घरी बसून काय करायचं, हे सगळ्यांना कळत होतं.

मी आणि अब्बा चालत घरी निघालो.

“हात चांगला बसलाय,” अब्बा म्हणाले.

“तुम्हीच बसवलात.”

“हो ना. त्याच्या तानपुऱ्यावर.”

“काय?”

“त्याचा तानपुरा काढून घेतलास तू.”

“बापूंच्या गाण्यात तानपुरा नसतो, अब्बा.”

“तुझी ती जाड तार मोकळी सोडली की कुठला सूर देते?”

“पांढरी तीन,” मी म्हणालो, आणि चालता चालता थांबलो.

अब्बा थांबले नाहीत. मला पळत जाऊन त्यांना गाठावं लागलं.

“त्याच्या मागं तो खर्ज लागलेला असायचा,” ते म्हणाले. “त्यावर तो बसायचा. आता तू पाटच ओढून घेतलास. माणूस जेवायला बसणार कुठं?”

“पण त्यांनीच सांगितलं होतं काढायला. माझ्या नोकरीवर आणलं होतं.”

“गवयाला कुठं कळतं तो कशावर बसलाय? दुकानात येतात की. म्हणतात, मुजावर, तुमचा तानपुरा जरा जास्तच बोलतोय. नेतात, आणि महिन्यानं सांगायला येतात, याच्याशिवाय गाता येत नाही.”

“मग बापूंना सांगू?”

“काय सांगणार? तुम्हाला सूर सापडत नाही, असं?”

मी विचार केला. ते तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि असती तरी सांगितलं नसतं. बापूंनी मला घरच्या मुलासारखं वागवलं होतं.

“नुसती तार घुमवली, तर मला काढतील,” मी म्हणालो.

“काढतील,” अब्बा म्हणाले. “दुकान आहे.”

कुरुंदवाडला कार्यक्रम होता. बापूंनी गाणं गाळल्याचं सांगितल्यावर तिथले लोक म्हणाले, “मग आम्ही बँडच बोलावला असता की.” बापूंचा नाइलाज झाला. स्टेजवर चढताना ते माझ्याजवळ थांबले. “स्वच्छ पाहिजे,” म्हणाले. ते नेहमी अनवाणीच गायचे. आज फक्त चप्पल काढताना त्यांनी काकींच्या खांद्याचा आधार घेतला.

गाणं सुरू झालं. मला सारखं वाटत होतं की अजून वेळ आहे, आणि वेळ संपत होता. सहा तारांपैकी पाच झोपवून एकीला जागं ठेवायचं, हे मी घरी करून बघितलं होतं. अंगठा बाजूला घ्यायचा, टाच तशीच, फक्त सहाव्या तारेवरनं कागद सरकेल इतकी उचलायची. जास्त उचलली तर पाचवीही उठते, आणि मग सगळंच मुसळ केरात.

दणका झाला. बापूंचा हात वर गेला. मी टाच उचलली.

तार घुमली. हळू, खालून. बापूंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागावले होते. त्यांना मी पुष्कळदा रागावलेलं बघितलं होतं, पण ते सगळं पोटातलं प्रेम असायचं, हे तसं नव्हतं. मी नजर खाली घातली, हात मात्र हलवला नाही. थोड्या वेळानं वर बघितलं तर बापूंचे डोळे मिटलेले होते. पायाची बोटं फळीवर घट्ट रोवलेली होती. मग त्यांनी ओळ उचलली, आणि ती जिथं लागायला पाहिजे तिथंच लागली. काडीइतकीही इकडं-तिकडं नाही.

आदगोंडानं माझ्याकडं बघितलं. आम्ही आत गेलो ते सगळे एकाच घरात. मला रडू आलं, आणि त्याच वेळी माझी नोकरी गेली हेही समोर दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या बायका पदर शोधत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागं आम्ही वायरी गुंडाळत होतो. टेंपो लागला होता. बापू सरळ माझ्याकडं आले.

“यासीन, मी काय सांगितलं होतं?”

“घुमलं तर मिरज.”

“आज?”

“घुमलं, बापू.”

“चुकून?”

सर्जेरावचे हात वायरीवर थांबले. हो म्हणालो असतो तर शिव्या खाऊन सुटलो असतो, आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा टाच दाबून बसलो असतो.

“नाही,” मी म्हणालो. “चुकून नाही.”

“अहो, राहू द्या ना आता,” काकी पुढं आल्या. बापूंनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

“कारखान्यावर मी कुठं गात होतो?” त्यांनी विचारलं.

सर्जेराव पुन्हा वायर गुंडाळायला लागला.

“आदगोंडा, तू सांग.”

आदगोंडानं या वेळी मान हलवली नाही. तो वायरीकडं बघत म्हणाला, “चौथी पांढरी आणि तिसरी काळी. मधे कुठंतरी.”

“आणि मिरजेत?”

“तिथंच. जरा वर.”

“आणि तुम्ही मळीचा वास सांगितलात, माइक सांगितलात. मी पुढच्या सीटवर होतो रे, पण ही घरी गेल्यावर सगळं सांगते मला.” बापू माझ्या स्पीकरच्या खोक्यावर बसले. “गळा चांगला आहे माझा. गळ्याला काही झालेलं नाही.”

“नाही, बापू,” मी म्हणालो.

“हा खोका असतो डावीकडं. मला तो कानानं थोडका आणि पायानं जास्त येतो, फळीतनं. मला वाटायचं, त्रास होतोय त्याचा.” त्यांनी खोक्याच्या कडेवरनं हात फिरवला. “उद्यापासून माझ्या उजव्या हाताला ठेव. आणि घुमवायचं तर जरा मोठ्यानं घुमव. डाव्या कानानं मला काहीच ऐकू येत नाही.”

काकींनी तोंड फिरवलं. मी बरं म्हणालो. बापू खोक्यावरनं लगेच उठले नाहीत, आणि खोका चढवल्याशिवाय टेंपो निघणार नव्हता. म्हणून आम्ही सगळे वायरी हातात घेऊन तिथंच उभे राहिलो.